गुलाबाईचा डबा, रथाची मोगरी आणि दहा वाजताचा पोलीस

गणपती उठले की आपल्या खान्देशात दोनच गोष्टी चालू असतात, दिवसा कापूस आणि रात्री कार्यक्रम. त्यामुळे या महिन्यात आलेले प्रश्न सगळे गुलाबाई, नवरात्र, कोजागिरी, रथ याच्याच अवतीभवती आहेत. एकाने सोयाबीनच्या भावाबद्दल विचारलंय, त्या भाऊंनी माफ करावं, ते खातं माझं नाही.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलनीत यंदा महिलांनी गुलाबाई बसवायचं ठरवलं. मी रावेरकडची, आमच्याकडे गुलाबाईच म्हणतात. समोरच्या काकू अकोल्याच्या, त्या म्हणतात भुलाबाई. सेक्रेटरींच्या सूनबाई पुण्याच्या, त्यांचं म्हणणं भोंडला करू, पाटावर हत्ती काढू, फेर धरू. ग्रुपवर तीन दिवस हेच चाललंय. वरून गाणी पूर्ण कोणालाच येत नाहीत, म्हणून एकीने सुचवलं की डीजेवर लावून देऊ. काय करावं?
(एक वाचक, भुसावळ)

आधी डीजेचं सांगते. नको गं बाई. गुलाबाईची गाणी स्पीकरवर लावायची म्हणजे स्वयंपाक टीव्हीवर बघून ढेकर द्यायचा.

आता भांडणाचं. गुलाबाई आणि भुलाबाई एकच, अकोल्याच्या काकूंना सांग की तुमची आमची देवी बहीण नाही, तीच आहे. पार्वती माहेरपणाला येते, सोबत शंकर, म्हणजे आपले गुलोजी नाहीतर भुलोजी, जावईबापू म्हणून येतात, दोघांची मातीची जोडी भाद्रपद पौर्णिमेला बसवायची आणि कोजागिरीला उठवायची. पूर्ण महिना झाला की नाही? मध्ये पितृपक्ष येतो, आमच्या घरी त्या पंधरवड्यात नवा रुमाल सुद्धा विकत घ्यायचे नाहीत पण पोरींच्या गाण्यांना कोणी अडवलं नाही, लेक माहेरी आलेली असताना तिला गप्प कोण बसवणार. आता महिनाभर कोणाला जमत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी शेवटचे दहा दिवस, पाच दिवस, एखाद्या कॉलनीत तर एकच दिवस करतात, तेही चालतं.

भोंडला वेगळा. तो हस्त नक्षत्राचा, पाटावर हत्ती काढून मध्ये ठेवायचा आणि भोवती फेर धरून उभ्याने गाणी म्हणायची. आपली गुलाबाई बसून, मूर्तीसमोर, हातात टिपऱ्या. पण गाण्यांच्या आतली माणसं सगळीकडे तीच, सासू, सासरा, नणंद, भावजय, आणि ती बिचारी सून जी माहेरी जायचं म्हणते आणि तिला एकीकडून दुसरीकडे नुसतं विचारायला पाठवतात. हे सरकारी ऑफिसात काम असणाऱ्या कोणालाही लगेच कळेल. मग भांडता कशाला, अर्धा तास टिपऱ्यांवर बसून म्हणा, मग पुण्याच्या सूनबाईंचा पाट मध्ये ठेवा आणि फेर धरा, त्या नवीन आहेत, त्यांना पण वाटू द्या की आपलं काहीतरी घेतलं.

गाण्यांचं मात्र मनावर घ्या. कॉलनीत साठीच्या पुढच्या किती बायका आहेत ते मोजा, प्रत्येकीकडे अर्धं अर्धं गाणं निघेल, एकीला सुरुवात येते, दुसरीला मधलं, आणि शेवट बहुतेक कोणाच्या तरी गावाकडच्या मावशीला फोन लावून मिळतो. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि नंतर एका शंभर पानी वहीत लिहून काढा. असोद्याच्या बहिणाबाई घ्या, त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, सोपानदेवांनी आणि नात्यातल्या माणसाने ऐकून लिहून ठेवलं म्हणून १९५२ साली ते छापून आलं आणि आज आपल्याला मिळतंय, तेही त्या गेल्यानंतर. नाहीतर जात्यासोबतच गेलं असतं ना. शब्द दोघींचे वेगळे निघाले तर दोन्ही लिहा, बरोबर कुठलं यावर परत ग्रुपवर तीन दिवस घालवू नका.

आणि खिरापतीचा डबा विसरू नका, मुलं त्याच्यासाठीच येतात. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, वरून नॅपकिन बांधलेला, जिच्या घरची पाळी ती डबा कानाजवळ खुळखुळ हलवते आणि बाकीच्यांनी ओळखायचं. शेंगदाणे असले तर पहिल्या झटक्यात कळतात. चिवडा सरसर करतो. केळीचे वेफर्स आपल्याकडे इतके घरोघरी की आवाज यायच्या आधीच पोरी ओरडतात. म्हणून हुशार बायका शिरा नाहीतर दुधीचा हलवा असं काहीतरी मुकं ठेवतात, कितीही हलवा, आवाजच नाही. आमच्या गल्लीत एका काकूंनी एकदा डब्यात फक्त एक खडीसाखरेचा खडा टाकला होता आणि खरी खिरापत मागे परातीत झाकून ठेवली होती, पोरी अर्धा तास खडे, सुपारी, शंकरपाळे सगळं म्हणून दमल्या. काकूंना अजून त्याचा अभिमान आहे. ओळखता नाही आलं तर "हरलो" म्हणावं लागतं, ते म्हणताना आठ वर्षाच्या पोरीचा चेहरा बघण्यासारखा असतो.

प्रश्न : मी मूळचा जळगावचा, वीस वर्षं चिंचवडला आहे. मुलगा नऊ वर्षाचा झाला पण त्याने रथ बघितलेला नाही. दिवाळीला येतो आणि भाऊबीज झाली की निघतो. रथासाठी थांबावं लागेल का आणि एवढं थांबण्यासारखं आहे का?
(एक वाचक, चिंचवड)

दादा, तुम्ही जळगावचे आणि हे मला विचारता? थांबावं लागेल. श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला, म्हणजे पाडव्यापासून मोजलं तर अकराव्या तिथीला, भाऊबीजेनंतर साधारण नऊ दिवसांनी. पण थोडं आधी आलात तरी हात हलवत परत जावं लागत नाही कारण पाडव्यापासून रोज रात्री वहन निघतं, कधी घोडा, कधी हत्ती, कधी सिंह, गरुड, मारुती, त्याच्यावर देव बसतो आणि जुन्या गावातून फिरतो. मुलाला रथाच्या गर्दीत खांद्यावर घेऊन उभं राहण्यापेक्षा एखाद्या वहनाला न्या, देव अगदी दोन हातावरून जातो आणि लहान पोराला सगळं नीट दिसतं. हे माझं मत, रथवाले रागावतील.

श्रीराम मंदिर संस्थानच्या अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेली ही परंपरा, दीडशे वर्षं झाली की. रथ बघायला गेलात तर सगळे वर बघतात, देवाकडे, तुम्ही मुलाला खाली चाकाकडे बघायला सांगा. चाकाच्या बाजूने काही माणसं हातात लाकडाची मोगरी घेऊन रथासोबत चालत असतात. रथाला ना स्टिअरिंग ना ब्रेक, लोक पुढून ओढतात आणि एकदा निघाला की तो काय कोणाचं ऐकतो का, मग वळायचं असेल किंवा थांबवायचा असेल तर ही माणसं चालत्या चाकाखाली नेमक्या वेळी मोगरी सरकवतात, चाक तिच्यावर चढतं, लाकूड करकरतं, रथ थोडा तिरपा होतो आणि बरोबर वळतो. अर्धा सेकंद चुकला तर हात गेला. मी लहान असताना आमच्या शेजारचे एक आजोबा मोगरी लावायचे, एरवी किराणा दुकानात पुड्या बांधणारा माणूस, पण त्या दिवशी आम्ही पोरं त्यांच्याकडे पिक्चरच्या हिरोसारखं बघायचो.

भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो, तिथे चादर चढवली जाते आणि मगच पुढे जातो, तेही मुलाला दाखवा, चिंचवडच्या सोसायटीत हे समजावून सांगत बसण्यापेक्षा सोपं पडेल. सुट्टी तेवढी मिळतच नसेल तर दसऱ्याला या, पारोळा, धुळे, शिरपूर इथले बालाजीचे रथ दसऱ्याच्या आसपासच निघतात आणि पारोळ्याचा बालाजी तर आख्ख्या खान्देशाचा मामा लागतो, सगळे बोलावतात आणि सगळे जातात.

प्रश्न : कोजागिरीला आमच्या गल्लीचे साधारण दोनशे लोक गच्चीवर जमतात. दूध किती आणायचं? दरवर्षी एकतर कमी पडतं नाहीतर सकाळी उरलेल्याची बासुंदी करावी लागते.
(एक गृहिणी, अमळनेर)

चहाच्या कागदी कपाने द्यायचं असेल तर माणशी १०० मिली धरा, २० लिटर पाहिजे, आटून कमी होतं आणि दुसऱ्यांदा मागणारे असतातच म्हणून २६-२७ लिटर आणा. ग्लासने द्यायचं तर दीडपट. साखर आधी कमी टाका, आटल्यावर गोड वाढतं. आणि मसाला मात्र दूध खाली उतरवता उतरवता घाला, जायफळ उकळत ठेवलं की कडवट लागतं. बासुंदी करावी लागते ही तक्रार कशी काय झाली ते मात्र मला समजलं नाही.

प्रश्न : आमचं नवरात्र मंडळ आहे, सगळे पंचवीस-तिशीचे. दरवर्षी गरबा आणि लहान मुलांचे डान्स ठेवतो. पण रात्री १० ला पोलीस येऊन साऊंड बंद करतात, आणि लोक जेवून यायलाच साडेनऊ. आमच्यावरच का एवढी सक्ती?
(मंडळाचा एक कार्यकर्ता, चाळीसगाव तालुका)

तुमच्यावरच नाही रे भाऊ, नियम आख्ख्या देशाला आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला रात्री १२ पर्यंत सूट देता येते पण ती सुद्धा वर्षाला सगळे सण मिळून १५ दिवसच, त्यात गणपती, नवरात्र, दिवाळी, शिवजयंती सगळं बसवायचं असतं. त्यातले कुठले दिवस ते जिल्ह्यातून आधी जाहीर होतं, नवरात्राच्या वाट्याला साधारण शेवटचे दोन-तीन दिवस येतात. पोलीस स्टेशनला परवानगीचा अर्ज द्यायला जाल तेव्हाच ती यादी विचारून घ्या आणि मोठा कार्यक्रम त्याच दिवशी ठेवा. आणखी एक, दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असेल तर तिथे सूट-बिट काही चालत नाही, आणि तुमचा मंडप दवाखान्यासमोर आहे असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. जागा बदला.

पण खरं सांगू का, दहा वाजताचा पोलीस हा तुमचा प्रॉब्लेम नाहीच. तुमचा प्रॉब्लेम साडेसातचा पाहुणा आहे. मी स्वतः भोगलंय. आमच्या गावात एका मंडळाच्या कार्यक्रमाची तयारी मी करून घेतली होती, अकरा ग्रुप, सगळी पोरं साडेसहालाच तयार, मेकअप करून, नऊवारी नेसून, एका पोराला मावळा केलेला आणि काजळाने मिशा काढलेल्या. पाहुणे येणार म्हणून थांबलो. आठ वाजले, साडेआठ, पाहुणे एका लग्नाला गेलेले. सव्वानऊला आले, हार झाले, शाली झाल्या, नारळ झाले, मग त्यांनी बोलायला घेतलं. पावणेदहाला पहिला डान्स सुरू झाला आणि दहाला जीप आली. हवालदार बिचारा चांगला होता, तो एक डान्स पूर्ण होऊ दिला त्याने. बाकीची पोरं तशीच घरी. तो मावळा मंडपाच्या खुर्चीत झोपून गेला होता, मिशा गालावर पसरलेल्या, त्याच्या आजीने तसाच उचलून नेला आणि जाताना माझ्याकडे जे बघितलं ना, ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून मी एकच करते. सात म्हणजे सात, समोर चार माणसं असली तरी पहिला ग्रुप स्टेजवर. लोक उशिरा येतात कारण त्यांना माहीत असतं की आपण उशिरा सुरू करतो. एकदा एखाद्या बाईच्या पोरीचा डान्स तिच्या पोळ्या होईपर्यंत होऊन गेला की पुढच्या वर्षी ती पोळ्या पाचलाच लाटते. पाहुणे आले की मध्ये पाच मिनिटं, बसल्या जागी सत्कार, माइक द्यायचा नाही. माइक द्यायचाच असेल तर डान्स बसवणाऱ्या ताईला द्या, महिनाभर घसा तिने फोडलाय.

प्रश्न : ताई, आम्ही वही, म्हणजे डफावरची कथागाणी, गाणारे. माझं वय ६८, सोबतचे बहुतेक साठीच्या वर. यंदा एका सांस्कृतिक कार्यक्रमात मानाने बोलावलं, आणि दोन रेकॉर्ड डान्सच्या मध्ये दहा मिनिटं दिली. डफ तापवायलाच तेवढा वेळ जातो. लोकांना आता हे नको झालं का?
(एक वहीगायक, धुळे जिल्हा)

बाबा, लोकांना नको झालं असं नाही, ज्याने कार्यक्रम पत्रिका केली त्याला कळलं नाही. वही हा दहा मिनिटांचा आयटम नाहीच, ती रात्रीची गोष्ट आहे, मुख्य गाणारा कथा धरतो, बाकीचे झीलकरी ओढून धरतात, डफ चढत जातो आणि ऐकणारा मांडी घालून बसला तर त्याला तासाभराने रंग चढतो. तुम्ही दहा मिनिटात काय सांगणार, देवीचं नाव घेतलं की वेळ संपली.

तुम्हाला सांगायचं तर पुढच्या वेळी बोलावणं आलं की आधीच विचारा, किती वेळ, आणि एक तासाच्या आत नाही म्हणा. नाही म्हणायला लाजू नका, डीजेवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय वायर सुद्धा उघडत नाही. मानधन पण बोलून घ्या, नारळ-टॉवेल हे मानधन नाही. स्टेजवर न जाता खाली सतरंजीवर, मधोमध बसू द्या म्हणा, माइक दोनच, एक तोंडाला आणि एक डफाला. आणि नवरात्रात एखाद्या देवीच्या देवळात, साऊंडशिवाय, जागरणाला बसा. तिथे तुम्हाला घड्याळ दाखवणारं कोणी नसतं आणि दहाचा नियम तर लाऊडस्पीकरला आणि उघड्यावरच्या वाद्यांना आहे, गळ्याला नाही, म्हणून दहानंतर डफ देवळाच्या आतच वाजवा. अर्थात शेजाऱ्याला पहाटे ड्युटी असेल तर त्याचा विचार करायचा.

मंडळांना पण सांगते, वहीवाल्यांसोबत गावातली दोन तरुण पोरं झीलकरी म्हणून बसवा. पहिल्या वर्षी नुसती तोंड हलवतील. हलवू द्या.

प्रश्न : दिवाळीनंतर गावात एकांकिका करतोय, आम्हीच लिहिली, अहिराणीत. सर म्हणतात प्रमाण मराठीत करा नाहीतर बाहेर स्पर्धेत चालणार नाही. आणि काही परवानगी लागते का?
(कॉलेजचे विद्यार्थी, साक्री)

गावात करताय ना, मग गावच्या बोलीत करा. तुमच्या नाटकातली माय शेतातून घरी येऊन "काय व्हयनं रे?" असंच विचारणार, "काय बरे झाले?" म्हणाली तर पहिल्या रांगेतली खरी माय उठून जाईल. हसायला यायला पाहिजे ते मात्र प्रसंगाने, बोलीने नाही. अहिराणी बोलणारं पात्र म्हणजे गावंढळ नोकर, हे टीव्हीवाल्यांना करू द्या, तुमचा डॉक्टर, कलेक्टर, सगळे अहिराणीतच बोलू द्या, आणि मग बघा लोक कसे ऐकतात.

परवानगीचं म्हणजे जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते आत्ताच पाठवा, तालीम संपल्यावर नाही. पुढे राज्य नाट्य स्पर्धेसारख्या ठिकाणी जायचं मनात असेल तर तेव्हाही तो कागद मागतात. बाकी सरांना पहिल्या रांगेत बसवा, ते टाळ्या वाजवतील.

प्रश्न : आमच्याकडे दसऱ्यानंतर तीन दिवसांचा छोटा महोत्सव असतो. गेल्या वर्षी खुर्च्या रिकाम्या, आणि तिसऱ्या दिवशी पावसाने स्टेज धुवून नेलं. यंदा करावा की बंद करावा?
(एक आयोजक, शहादा)

अहो भाऊ, दसऱ्यानंतर कापसाची पहिली वेचणी चालू असते, दिवसभर वाकून कापूस वेचलेली बाई रात्री ९ ला तुमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गझल ऐकेल का? तीन दिवसांचा एक दिवस करा आणि तो आठवडे बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी ६ ला, बाजाराच्या तोंडावर. त्या दिवशी बऱ्याच शेतात मजूर नसतात, लोक गावात आलेलेच असतात, हातात पिशवी असते, उभ्या उभ्या पंधरा मिनिटं ऐकतात आणि आवडलं तर बसतात. बाहेरून महागडा गायक आणू नका, त्या पैशात तुमच्याच गावातले, नंदुरबारकडचे आदिवासी पाड्यांवरचे ढोलवाले, बासरीवाले बोलवा, त्यांना प्रवासखर्च आणि जेवण नीट द्या. फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो कमी आणि वाजवणाऱ्यांची नावं मोठी टाका, त्याची आख्खी भावकी येते की नाही बघा.

पाऊस तर परतीचा, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो येऊ शकतो हे गृहीतच धरायचं, त्यात तुमची चूक नाही. स्टेजचा उतार मागच्या बाजूला ठेवा, वायरींचे जोड जमिनीवर नको, खांबाला कमरेच्या वर बांधा, आणि जवळच्या मंगल कार्यालयाच्या नाहीतर जिनिंगच्या शेडच्या मालकाला आधीच विचारून ठेवा. कापूस अजून पूर्ण आलेला नसतो, शेड अर्धं रिकामं असतं. किल्ली मात्र संध्याकाळी चारलाच ताब्यात घ्या, पाऊस आल्यावर किल्लीवाला सापडत नाही.